कुर्बानीची कलेजी आणि अंगणातला राखणदार

बकरीद जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. गोश्त जास्त दिवस कसे टिकवावे, वाटे कसे करावेत, शहरात जनावर कुठे बांधावे, असे प्रश्न येतात. यंदा त्यांत एक वेगळे पत्र आहे. तासगाव भागातल्या एका बहिणीने लिहिले आहे: ‘आमची वस्ती शेतात आहे, राखणीला कुत्रा आहे. ईदच्या दिवशी बकरा कापला की फेफडे, तिल्ली आणि डागाळलेली कलेजी त्याच्यापुढे टाकतात. सासरे म्हणतात, त्याचाही हक्क आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, कच्चे घालू नका. कोणाचे ऐकावे? आणि एरवी त्याला काय घालावे?’

बहिणीच्या सासऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि डॉक्टरांचेही. हक्क आहे, पण शिजवून. का, ते सविस्तर सांगतो, कारण हा विषय कुत्र्याच्या पोटापुरता नाही. त्याची दुसरी बाजू आपल्या मुलांच्या पोटात निघते.

कुत्रा पाळावा की नाही, हा वाद आम्ही येथे काढत नाही. शेताच्या, गुराढोरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आपल्याला ठाऊक आहे, आणि सूरह कहफमधला गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेला कुत्राही प्रत्येक घरात माहीत आहे. आपल्याकडे कुत्रा बहुधा घरात नसतो. तो अंगणात, गोठ्याजवळ, शेळ्यांच्या मागे किंवा द्राक्षबागेच्या बांधावर असतो. म्हणूनच त्याच्या खाण्याचा विचार कोणी करत नाही. दस्तरख्वान उचलला, ताटे झाडली, ते त्याच्यापुढे गेले. बैलाला पेंड किती, शेळीला पाला कोणता, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही सांगता येते. कुत्र्याला काय, असे विचारले तर उत्तर एकच: उरलेले.

आता ईदची गोष्ट. ज्या किड्यामुळे डॉक्टर ‘कच्चे नको’ म्हणतात, तो एक पट्टकृमी आहे. लांबी जेमतेम २ ते ७ मिलिमीटर. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो, कधी कधी हजारोंच्या संख्येने, आणि कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो, खातो, भुंकतो. कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ओलसर मातीत महिनोन् महिने जिवंत राहतात. त्या जागी शेळी-मेंढी चरली की अंडी तिच्या पोटात जातात आणि कलेजीत किंवा फेफड्यात पाण्याने भरलेला पांढरट फोड तयार होतो. कसाई मंडळींनी असे फोड पाहिलेले असतात. तो फोड असलेला कच्चा तुकडा कुत्र्याने खाल्ला की फोडातल्या बारीक डोक्यांपासून पुन्हा त्याच्या आतड्यात कृमी वाढतात. चक्र पूर्ण झाले.

या चक्रात माणूस सापडतो तो शेळीच्या जागी. अंगणातल्या मातीत खेळणारे मूल हात न धुता खाते, कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून बोट तोंडात घालते, शेतातली कोथिंबीर न धुता चटणीत जाते, आणि अंडी पोटात जातात. मग फोड आपल्या मुलाच्या कलेजीत होतो, किंवा फुप्फुसात. याला डॉक्टर हायडॅटिड म्हणतात. हा फोड फार सावकाश वाढतो. बालपणी लागण झालेल्या माणसाला कळते ते कधी कधी वीस-पंचवीस वर्षांनी, पोटात उजवीकडे जड वाटू लागल्यावर किंवा दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केल्यावर. उपचार आहेत, महिनोन् महिने गोळ्या, बऱ्याचदा शस्त्रक्रिया. फोड आतल्या आत फुटला तर जिवावर बेतू शकते.

एक गैरसमज येथेच दूर करतो. कुर्बानीची कलेजी खाऊन माणसाला हा रोग होत नाही. फोडाचा भाग कापून टाकला पाहिजे हे खरे, पण माणसाला धोका असतो तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांपासून. एका माणसाकडून दुसऱ्यालाही तो लागत नाही. तेव्हा ‘आमच्या घरात कधी फोडाची कलेजी खाल्ली नाही’ एवढ्याने निर्धास्त होऊ नये. ती कलेजी कोणाच्या पुढे टाकली, हा प्रश्न आहे.

आणि वर्षातल्या इतर दिवसांपेक्षा ईदलाच हा प्रश्न मोठा का? रोजच्या कत्तलखान्यात पशुवैद्यांनी जनावर तपासायचे असते, खराब अवयव बाजूला काढायचे असतात. वस्तीवर, वाडीवर तशी तपासणी नसते. एकाच दिवशी गावात कितीतरी जनावरे होतात, आतडी-फेफडी खड्ड्यावर पडतात, आणि पंचक्रोशीतले कुत्रे तेथे जमतात. जनावर जितके वयस्क तितके फोड असण्याची शक्यता जास्त, म्हणून वर्षाच्या बकऱ्यापेक्षा म्हाताऱ्या मेंढीकडे अधिक लक्ष द्यावे. पण वर्षाच्या बकऱ्यातला बारीक फोड डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून पाहून ठरवण्यापेक्षा सगळेच शिजवणे बरे.

हे आपल्याच गावाचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. न्यूझीलंडमध्ये मेंढ्याही भरपूर आणि मेंढ्यांमागचे कुत्रेही भरपूर. तेथे हा रोग घरोघरी होता. कुत्र्यांना कच्चे अवयव घालण्यावर बंदी आणली, कुत्र्यांना नेमाने औषध दिले, अनेक दशके हे चालले, तेव्हा कुठे २००२ साली तो देश या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर करता आले. त्यांनी काही मोठे यंत्र आणले नव्हते. पातेले आणि गोळी, एवढेच.

म्हणून बहिणीने ईदला असे करावे. फेफडे, तिल्ली, गुर्दे आणि कलेजीचे तुकडे कुत्र्याला द्यायचेच असतील तर त्यांचे छोटे तुकडे करून एका वेगळ्या पातेल्यात, मीठ-मसाला न घालता, उकळी फुटल्यावर चांगला अर्धा तास शिजवावेत. मोठा गोळा तसाच टाकला तर आतून कच्चा राहतो. ज्या तुकड्यात पाण्याचे फोड स्पष्ट दिसतात तो शिजवण्याच्या भानगडीत न पडता सरळ पुरावा, किंवा जाळावा. फोड सुरीने फोडून पाहण्याची हौस करू नये. आतडी, रक्त आणि नको असलेले भाग यांसाठी खड्डा हात-दोन हात नव्हे, चांगला कमरेएवढा खोल खणावा, वर चुना व माती दाबून मोठे दगड ठेवावेत. कुत्र्याचे नाक आणि पंजे या बाबतीत माणसापेक्षा हुशार आहेत. कापाकापी चालू असताना घरचा कुत्रा बांधून ठेवावा. हे शेवटचे वाक्य लिहायला सोपे आहे, त्या दिवशी पाळायला कठीण, याची आम्हाला कल्पना आहे.

शिजवलेली कलेजीही रोज वाटीभर देऊ नये. कलेजीत अ-जीवनसत्त्व फार असते आणि ते शरीरात साठते. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला दोन-तीन लहान फोडी, त्याही चार-पाच दिवस, पुरे. चरबीचे गोळे तर टाकूच नयेत. ईदनंतर दोन दिवसांनी कुत्रा ओकतो, पोट आवळून बसतो, खात नाही, तेव्हा ‘नजर लागली’ म्हणतात. बहुतेक वेळा चरबी लागलेली असते. एकदम खूप चरबी खाल्ल्याने स्वादुपिंडाला सूज येते आणि त्यात कुत्रे दगावतातही.

येथवर ईदचे झाले. पण आमच्या मते आपल्या घरांतल्या कुत्र्यांना वर्षभर जास्त नुकसान करते ती बिर्याणी.

बिर्याणीत, कोरम्यात, सालनात कांदा असतोच, आणि आपल्याकडे तो हात राखून घातला जात नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, तळलेला, उकडलेला, वाळवून पूड केलेला, कोणताही. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का इतका कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम, एक मोठा कांदा. १० किलोच्या कुत्र्याला अर्धा. दावतीनंतर देगेच्या तळाचा बिरिस्त्यासकट भात थाळीभर टाकला तर एवढा कांदा सहज जातो. आणि रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत राहते. यात फसवणूक अशी की कुत्रा लगेच आजारी दिसत नाही. तीन-चार दिवसांनी तो मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर तपकिरी होते. तोवर बिर्याणी कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

दुसरी गोष्ट मनुका. शीरखुर्म्यात, जर्द्यात मनुका असते, आणि पत्र लिहिणाऱ्या बहिणीच्या तर सगळ्या शिवारातच बेदाणा आहे. द्राक्षे व मनुका काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना एकदम निकामी करतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००१ साली याकडे लक्ष वेधले, तोपर्यंत लोक कुत्र्यांना द्राक्षे कौतुकाने भरवत असत. अलीकडे त्याचे कारण द्राक्षातले टार्टारिक आम्ल असावे असे मानले जाते, आणि चिंचेतही तेच आम्ल असते. म्हणून आंबट सालनही नको. एका कुत्र्याला मूठभर द्राक्षांनी काही होत नाही आणि दुसऱ्याला थोड्याशा मनुका बाधतात. ‘आमचा तर बागेत पडलेली द्राक्षे रोज खातो’ असे सांगणारे भेटतील. त्यांच्या कुत्र्याचे नशीब म्हणावे, ती परवानगी समजू नये. बेदाण्याच्या शेडवर कुत्रा असेल तर खाली सांडलेला माल झाडून घ्यावा. मनुका खाल्ल्यावर दिवसभरात उलट्या सुरू झाल्या तर थांबू नये. पुढे लघवी कमी होत जाते आणि मग डॉक्टरांच्या हातात फारसे काही राहत नाही.

हाडांबद्दल घरोघरी मते ठाम असतात. शिजलेले हाड ठिसूळ होते, चावले की त्याच्या सुया होतात, त्या घशात, आतड्यात रुततात. कोंबडीचे हाड तर मुळीच नको. नल्लीचा धोका वेगळा आहे. निहारीतली गोल कापलेली नल्ली कुत्रा चाटत बसतो, आणि ती कडी त्याच्या खालच्या जबड्यात सुळ्यांमागे अडकते. मग ती काढायला भूल देऊन करवतीने कापावी लागते. ओळीने सहा माणसे धरून ओढत बसली तर जबडा दुखावतो, कडी निघत नाही.

चॉकलेट, कॉफी, चहाची उरलेली पत्ती नको. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते. मधुमेह असलेल्या घरात असे पदार्थ असतात, आणि कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने तासाभरात धोकादायक इतकी उतरते. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याला कधीच देऊ नयेत. खारवलेले मासे कोकणातल्या घरांनी टाकू नयेत. ताजी मासळी उकडून, काटे काढून भातात कालवली तर उत्तम. खजुराच्या बिया उचलून ठेवाव्यात, आतड्यात अडकतात. आणि उष्टे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फेकण्याची सवय, ती मात्र गावाने मिळूनच सोडायला हवी.

चुकून कांद्याचे किंवा मनुकांचे काही जास्त खाल्ले तर मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा उपाय पुष्कळ जण करतात. तो करू नये, त्या मिठाचीच बाधा होते. काय खाल्ले, किती, केव्हा, हे लक्षात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच फोन करावा. पहिल्या दोन तासांत गेले तर बराच फरक पडतो.

आता ‘एरवी काय घालावे’ याचे उत्तर. कुत्र्याला फक्त गोश्तच हवे, हा समज चुकीचा आहे. माणसाजवळ राहून राहून कुत्र्याची पचनशक्तीही बदलली. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्टमय पदार्थ कितीतरी चांगले पचतात, हे २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांवरून दाखवले. तेव्हा भात, ज्वारी-बाजरीची भाकरी त्याला चालते. पण नुसत्या भाकरी-दुधावर राखणदार टिकत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. ढाळ लागले तर दूध बंद करावे, ताक किंवा दही थोडे चालते.

आपल्या देशी कुत्र्याचे वजन साधारण १५ ते २० किलो असते. २० किलोच्या, मध्यम धावपळीच्या कुत्र्याला दिवसाला हजार कॅलरीच्या आसपास लागतात. घरच्या हिशेबाने: शिजलेला भात ३०० ग्रॅम किंवा तेवढ्याच मोलाची भाकरी, बिनहाडाचे उकडलेले गोश्त किंवा कोंबडी २५० ग्रॅम, एक उकडलेले अंडे, लाल भोपळा किंवा गाजर मूठ-दोन मुठी, आणि वर एक मोठा चमचा तेल. हे दोन वेळांत वाटून. मीठ नाही, मिरची नाही, फोडणी नाही. महागाईत रोज एवढे गोश्त जमत नाही हे आम्ही जाणतो. कसायाकडची छाट, कोंबडीच्या दुकानातली पेटी-काळजाची पिशवी, अंडी, सोयाबीनच्या वड्या, शिजलेली मऊ डाळ, यांनी बरेच भागते. फक्त सगळे शिजवून. घरातले सालन करताना कांदा टाकण्याआधी गोश्ताचे चार तुकडे आणि थोडा रस्सा वेगळा काढला तर कुत्र्यासाठी वेगळी चूलही लागत नाही.

एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक घरात राहून जाते. चुना, म्हणजे कॅल्शियम. गोश्तात आणि भातात ते फारच कमी असते. रानातला कुत्रा कच्च्या हाडांतून ते मिळवतो. आपण हाडे बंद केली तर ते दुसरीकडून दिले पाहिजे. अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखी दळावीत. वर सांगितलेल्या जेवणात रोज अर्धा चहाचा चमचा ही पूड पुरते. पिल्लांच्या बाबतीत याला दुप्पट महत्त्व आहे. नुसत्या गोश्त-भातावर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात, हाड कारण नसताना मोडते. मोठ्या जातीचे पिल्लू असेल तर कॅल्शियम जास्त झालेलेही बाधते, तेव्हा तेथे अंदाजाने चमचे न घालता डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्यावे. जस्त, आयोडीन आणि काही जीवनसत्त्वे घरच्या जेवणात कमीच पडतात, त्यासाठीही एकदा त्यांना विचारावे.

तयार खाद्य वाईट नसते. उलट ज्यांना रोज शिजवणे होत नाही त्यांनी पिल्लांसाठी निदान पहिल्या वर्षी तेच वापरावे. पाकिटावर ते ‘संपूर्ण आहार’ आहे की नुसता खाऊ, हे पाहावे. बाहेरून आलेल्या काही पाकिटांत डुकराचे घटक असतात, म्हणून यादी वाचावी. शंका असेल तर दुसरे पाकीट घ्यावे, बाजारात कोंबडीचे आणि मासळीचे पुष्कळ आहे.

भांड्याबद्दल आपल्याकडे विचारायला नको. कुत्र्याच्या लाळेने बाटलेले भांडे शाफई घरांत सात वेळा, त्यातले एकदा मातीने, तर हनफी घरांत तीन वेळा धुतात. त्यापेक्षा त्याची एक जड परळ किंवा दगडी भांडे वेगळे ठेवलेले केव्हाही सोपे, आणि आजाराच्या दृष्टीनेही तेच योग्य. ती परळ रोज घासावी. दुसरी परळ पाण्याची, सावलीत. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याची हदीस आपण मुलांना सांगतो. मे महिन्यात दुपारी बारा वाजता आपल्याच दारातली परळ कोरडी आहे का, हे पाहायला त्याच मुलाला पाठवावे. रमजानमध्ये घराचे वेळापत्रक उलटते, सगळे सहेरीनंतर झोपतात आणि अंगणातला कुत्रा इफ्तारपर्यंत उपाशी राहतो. त्याच्यावर रोजा फर्ज नाही. सहेरीला उठल्यावर त्याचे सकाळचे जेवण आणि भरपूर पाणी ठेवून झोपावे.

आता बहिणीच्या अंगणातल्या कुत्र्याने मागच्या ईदपर्यंत कच्चे खाल्लेलेच आहे, त्याचे काय? त्याला प्राझिक्वान्टेल हे औषध असलेली जंताची गोळी द्यावी. हे नाव कागदावर लिहून न्यावे, कारण जंताच्या प्रत्येक गोळीत ते नसते आणि साध्या गोळीने पट्टकृमी मरत नाही. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टर सांगतील. कच्चा तुकडा खाल्ल्यापासून कृमीची अंडी बाहेर पडू लागेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात. म्हणून या ईदला कितीही काळजी घेतली आणि तरी कुत्र्याने खड्ड्यावरून काही पळवले, तर ईदपासून महिन्याच्या आत गोळी द्यावी. अंडी पडायच्या आधीच कृमी मरतील. एरवी दर तीन महिन्यांनी. गोळी दिल्यावर तीन-चार दिवस त्याला बांधून ठेवून विष्ठा गोळा करून पुरावी, हात साबणाने धुवावेत. रेबीजची लसही त्याच फेरीत टोचून घ्यावी.

बहिणीने पत्राच्या शेवटी विचारले आहे की सासऱ्यांना हे कसे सांगावे. त्यांना पातेले दाखवावे. ईदच्या संध्याकाळी शिजवलेली फेफडी आणि तिल्ली भातात कालवून त्यांच्याच हाताने कुत्र्याला घालू द्यावी.